बाउझरला सोबत कसं घ्यायचं

आज टँकर नाही, पीकविमा नाही, रस्त्याचे खड्डे नाहीत. आज एका व्हिडिओ गेमवर लिहितोय. थांबा, लगेच पुढं सरकू नका. शेवटी आपल्या पाझर तलावावरच येतो. पण गेममधून गेल्याशिवाय तिथं पोचता येणार नाही, कारण मी स्वतः तसाच पोचलो.

मे २०२४ ची गोष्ट. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीला आमच्याकडं आला होता. पुण्यात राहतो, सातवीत. मामाचं गाव, आमराई, विहिरीत पोहणं असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पण विहिरीत पाणी नव्हतं आणि बाहेर बेचाळीस डिग्री. पोरगं काय करणार? त्यानं आपलं ते निन्टेंडोचं स्विच मशीन आमच्या टीव्हीला जोडलं आणि दुपारभर जमिनीवर पालथा पडून खेळायला लागला.

मी तेव्हा वेगळ्याच वैतागात होतो. तलावातला गाळ काढायचं काम अडलं होतं. फोनवर फोन चालू. त्यात टीव्हीवर टुंगटुंग वाजणारं संगीत. एका दुपारी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काय रे आहे हे?"

"सुपर मारिओ आरपीजी आहे मामा. बस ना जरा. दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं पुढं आठ-दहा दुपारी चालली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मारिओ म्हणजे लाल टोपीवाला, मिशीवाला प्लंबर. नव्वदच्या दशकात आपल्याकडं टीव्हीला जोडायचे ते स्वस्तातले गेम मिळायचे, त्यात धावत, उड्या मारत, कासवांना तुडवत जाणारा तोच हा. मूळ सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. गोष्ट एवढीच, की बाउझर नावाचा काटेरी पाठीचा राक्षस राजकन्येला पळवतो आणि मारिओ तिला सोडवतो. पुढच्या कितीतरी गेममध्ये हेच.

हा गेम म्हणजे त्या झाडाला आडवी फुटलेली फांदी. १९९६ साली निन्टेंडोसाठी तो स्क्वेअर या जपानी कंपनीनं बनवला. फायनल फँटसीसारख्या मोठ्या, गंभीर, जगबुडीच्या गोष्टी सांगणारे हे लोक. त्यांच्या हातात मारिओ दिला आणि त्यांनी गंभीरपणा बाजूला ठेवून चक्क विनोदी गोष्ट रचली. त्यानंतर स्क्वेअरनं आपला पुढचा मोठा गेम सोनीच्या प्लेस्टेशनसाठी केला, त्यामुळं ही जोडी तिथंच थांबली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तोच गेम नवीन चित्रांसह परत काढला. भाचा खेळत होता तो हा नवा. संगीत योको शिमोमुरा या बाईंचं, १९९६ ला त्यांचंच आणि २०२३ लाही त्यांचंच. टुंगटुंग म्हणून मी ज्याला शिव्या घातल्या, ते चार दिवसांनी मी मोटरसायकलवर गुणगुणत होतो.

यात नुसतं धावायचं नसतं. टोळी जमवायची, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, आणि लढाई आली की आळीपाळीनं वार करायचे. एक वार आपला, एक त्यांचा. बुद्धिबळासारखं. पण एक गंमत आहे. वार शत्रूला लागतो नेमक्या त्या क्षणी परत बटण दाबलं तर वार जोरात बसतो. शत्रूचा वार आपल्यावर येतो तेव्हाही नेमकं दाबलं तर मार कमी लागतो. आधी दाबलं तर उपयोग नाही, उशिरा दाबलं तरी नाही. मी हातात घेतलं की दरवेळी आधीच दाबायचो.

"मामा, घाई करतोस तू," भाचा म्हणायचा.

माझी आई मागं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली असायची. ती म्हणाली, "वाफसा बघून पेरतात तसं दिसतंय हे." एका वाक्यात तिनं अख्खा गेम समजून घेतला होता.

आता गोष्ट. सुरुवात नेहमीसारखीच. बाउझरनं राजकन्या पीचला पळवलंय, मारिओ त्याच्या किल्ल्यात जातो, वर टांगलेल्या झुंबरांवर उभं राहून दोघं लढतात, मारिओ जिंकतो. पाच मिनिटांत खेळ खल्लास. मी म्हटलं, झालं? तेवढ्यात आभाळातून एक अवाढव्य तलवार येते आणि किल्ल्यात घुसते. तिला तोंड आहे, ती बोलते. मारिओ, बाउझर आणि पीच तिघं तीन दिशांना उडतात. मारिओ आपल्याच घरात येऊन आदळतो.

म्हणजे रोजच्या भांडणात दोन्ही बाजू मश्गूल असताना तिसरंच संकट वरून येऊन पडलं. तलवार ज्याची, तो स्मिदी. शस्त्रं बनवणारा लोहार राजा. त्याचे सरदारसुद्धा चालती-बोलती शस्त्रंच. आणि ती तलवार येता येता ताऱ्यांचा रस्ता फोडून आलेली असते. त्या जगात लोकांच्या इच्छा त्या रस्त्यानं जातात आणि पूर्ण होतात. रस्त्याचे सात तुकडे होऊन खाली पडलेत, त्यामुळं आता कुणाचीच इच्छा पूर्ण होत नाही. सातही तुकडे गोळा करायचे, हे काम.

टोळीत पहिला येतो मॅलो. पांढरा, मऊ, कापसाच्या बोळ्यासारखा. स्वतःला बेडूक समजतो, कारण एका म्हाताऱ्या बेडकानं त्याला वाढवलंय. बेडूक असून उडी मात्र मारता येत नाही, याचं त्याला फार वाईट वाटतं. आणि मॅलो रडला की खरोखरचा पाऊस पडतो.

मी भाच्याला म्हटलं, "याला एक आठवडा आमच्या तालुक्यात पाठव."

दुसरा जीनो. ताऱ्यांकडून आलेला दूत, पण खाली येऊन शिरतो एका लहान पोराच्या बाहुल्यात. आणि मारिओ? मारिओ अख्ख्या गेममध्ये बोलतच नाही. कुणाला काय झालं ते सांगायचं असेल तर नक्कल करून दाखवतो. घडीत बाउझरसारखा होतो, घडीत राजकन्येसारखा, धडपडतो, उठतो, उडी मारतो. कुणी विचारलं, "तू खरा मारिओच कशावरून?" तर एक उडी मारून दाखवतो. लोकांना पटतं. ओळखपत्र नाही, भाषण नाही, उडी.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते बाउझरनं.

त्याचा किल्ला गेलाय. तलवार त्यात रुतून बसलीये. हा बाहेर. सुरुवातीला वाटेत दिसतो तेव्हा सैन्य सोबत असतं, किल्ला परत घेण्याच्या गर्जना चालू असतात. पुढं ते सैन्य पांगतं. आणि मग एका उंच मनोऱ्यापाशी तो भेटतो तेव्हा एकटा असतो. मागं कुणी नाही. एवढा मोठा काटेरी राक्षस, पण एकटा उभा राहिला की किती लहान दिसतो! त्या मनोऱ्यात बूस्टर नावाचा एक पोरकट इसम राहतो. आभाळातून उडालेली पीच त्याच्या घरात येऊन पडलीये आणि त्यानं तिच्याशी लग्न लावायचं ठरवलंय. लग्न म्हणजे काय हे त्याला धड माहीत नाही. त्याला केक खायचाय.

तर त्या मनोऱ्यापाशी बाउझर आणि मारिओ समोरासमोर येतात. दोघांनाही आत जायचंय. दोघांनाही एकमेकांची गरज आहे. आता बाउझर काय म्हणेल? "मला मदत कर" म्हणेल? शक्यच नाही. तो छाती काढून सांगतो, की चल, तुला मी माझ्या सैन्यात भरती करून घेतो!

मी मोठ्यानं हसलो. आईनं शेंगा फोडायचं थांबवून बघितलं. भाच्याला कळेना काय झालं. ज्याचं सैन्य उरलं नाही, तो समोरच्याला सैन्यात घेतोय. आणि मारिओ वाद घालत नाही. "अरे, हरलाय कोण, टोळी कुणाची, येतोय कोण," काही नाही. बाउझर टोळीत येतो आणि गोष्ट पुढं जाते. बाउझरच्या डोक्यात मारिओ त्याच्या सैन्यात आहे. खेळणाऱ्याला माहीत असतं की बाउझर मारिओच्या टोळीत आहे. दोघं एकाच दारातून आत जातात.

हसलो खरा. पण हसता हसता घशात काहीतरी अडकलं. कारण मला अण्णा आठवले.

अण्णा हे खरं नाव नाही. गावातल्या लोकांना कळेलच, बाहेरच्यांना कळायची गरज नाही. वीस वर्षं गाव त्यांच्या हातात होतं. कधी स्वतः सरपंच, कधी घरातलं माणूस, कधी त्यांनी उभा केलेला. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत आमच्या पॅनलनं त्यांना पाडलं. पॅनलची पत्रकं, जाहीरनामा, व्हॉट्सॲपचे मेसेज, सगळं लिखाण माझं. त्यातलं बरंच तुम्ही इथंच वाचलंय.

जिंकलो त्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. गुलाल, डीजे. आणि ती मिरवणूक अण्णांच्या दारात अर्धा तास थांबली. मुद्दाम थांबली. घराची दारं-खिडक्या बंद. पोरं नाचत होती. मीही नाचत होतो. त्याचा व्हिडिओ आहे, माझ्याच फोनमध्ये.

त्यानंतर अण्णा ग्रामसभेला आले नाहीत. पारावर बसायचे ते बंद झाले. त्यांच्या अवतीभवती असणारी माणसं हळूहळू आमच्या अवतीभवती दिसायला लागली. आम्हाला वाटलं, संपले अण्णा. खरं सांगायचं तर आम्हाला ते आवडलं.

मग २०२३ चा पाऊस कमी झाला. जानेवारीतच विहिरी खरवडायला आल्या. पाझर तलावात पाणी कमी आणि गाळ जास्त, ही ओरड वीस वर्षांची. आम्ही ठरवलं, तलाव कोरडा पडलाय तोवर गाळ काढू. लोकसभेची आचारसंहिता लागलेली, सरकारी मंजुरीची वाट बघत बसलो तर मृग येईल, म्हणून लोकवर्गणीतून पोकलेन आणायचं, ज्याला गाळ पाहिजे त्यानं आपल्या ट्रॅक्टरनं रानात न्यायचा. वर्गणी जमली. पोकलेनवाला बोलून ठेवला.

आणि काम अडलं. कारण तलावात ट्रॅक्टर उतरायची सरळ वाट अण्णांच्या रानातून जाते. दुसरी वाट आहे, पण चार किलोमीटरचा वळसा. एवढं डिझेल जाळून गाळ न्यायला कोण येणार? शिवाय गावात सगळ्यात जास्त ट्रॅक्टर अण्णांच्या मळ्यात. नऊ.

आम्ही काय केलं? ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी पत्र पाठवलं. मजकूर माझाच. "तरी आपण बैठकीस उपस्थित राहावे, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल." लिहिताना मला फार भारी वाटलं होतं.

पत्र नेणाऱ्या शिपायाला अण्णा म्हणाले, "मला नोटीस काढता होय?" आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीची झुडपं पडली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या दुपारी टीव्हीसमोर बसलो होतो. तेरा वर्षांचं पोरगं बटणं दाबत होतं आणि पडद्यावर एक हरलेला राक्षस, आपली मान ताठ ठेवून, शत्रूच्या टोळीत चालला होता. त्याला मान खाली घालायला कुणी लावली नव्हती.

त्या रात्री मी भाच्याला विचारलं, "बाउझर कामाचा आहे का रे टोळीत? का नुसता बडबडतो?"

"कामाचा म्हणजे! ताकद बघ ना त्याची. आणि मामा, त्याला ते हातमोजे मिळाले ना, की तो मारिओलाच उचलून शत्रूवर फेकतो."

"मारिओला?"

"हो ना. मारिओ पण जातो मस्त उडत."

गेममध्ये आणखी एक गोष्ट आहे ती भाच्यानं समजावली. खास वार करायला, जखमा भरायला फुलांचे गुण लागतात. बऱ्याच असल्या गेममध्ये प्रत्येकाचा आपापला साठा असतो. इथं सगळ्या टोळीचा मिळून एकच. जीनोनं जास्त वापरले तर पीचला कमी. बाउझरनं उधळले तर मॅलोला नाही. पीच पुढं टोळीत येते बरं का. तिला सोडवून राजवाड्यात आणतात, तर ही छत्री घेऊन तिथून निसटते आणि लढायला येते. सगळ्यांच्या जखमा भरण्यात तिच्याइतकी पटाईत कुणी नाही. असे पाच जण, त्यांतले तिघं एका वेळी लढतात आणि साठा एकच. एक तलाव, पाच विहिरी, असं समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरपंचांना आणि दोघा-तिघांना म्हटलं, बैठक पंचायतीत नको. अण्णांच्या अंगणात घेऊ. आणि आपण त्यांना बोलवायचं नाही. त्यांनी आपल्याला बोलवावं, असं करायचं.

"म्हणजे पाया पडायचं?" आमच्यातला एक तरुण भडकला.

पाया नाही पडायचं. मारिओ कुठं पडला? त्यानं फक्त वाद घातला नाही.

मी एकटाच गेलो. अण्णा गोठ्यात होते. "या" म्हणाले नाहीत, "जा" पण म्हणाले नाहीत. मी सांगितलं, "अण्णा, तलाव तुमच्या काळात झाला. पाणी कुठून येतं, सांडव्याकडं गाळ किती, कुठं खोल नेलं तर बूड फुटेल, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुम्ही बैठक लावा. आम्ही येतो." यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटी स्तुती मला करता आली नसती आणि त्यांना ती लगेच कळली असती.

बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या सातला. वेळेवर या. तुमच्या पंचायतीसारखं नको."

बैठक झाली. चाळीसेक लोक. अण्णांनी सुरुवात केली ती अशी, "ह्या पोरांना मी बोलावून घेतलंय. कामाला लावतो." मग त्यांनी मलाच उचलून फेकलं. "लिहिणं सोपं असतं, हे बसतात फोनवर टाइप करत. गाळाचा वास कधी घेतलाय का यांनी?" सगळे हसले. आमच्या पॅनलची पोरं माझ्याकडं बघायला लागली. माझ्या जिभेवर चांगली तीन उत्तरं होती. एकापेक्षा एक. मी हातमोज्यांची आठवण काढली आणि उडत गेलो.

रात्री बाभळी निघाल्या. तिसऱ्या दिवशी पोकलेन तलावात उतरलं. नऊपैकी सात ट्रॅक्टर आले, दोन खरोखर बंद होते. मृगाच्या आधी सगळा तलाव काही निघाला नाही, अर्धाच निघाला. पण जून-जुलैत पाऊस लागला तेव्हा निघालेल्या अर्ध्यात पाणी थांबलं, आणि खालच्या अंगाच्या विहिरी पुढच्या मार्चपर्यंत टिकल्या. ज्यांच्या त्या विहिरी आहेत त्यांतले काही हे वाचत असतील. त्यांनी सांगावं.

आता काही जण म्हणतील, म्हणजे राज्यात २०१९ पासून जे चाललंय तेच ना? कालचा शत्रू आजचा मित्र, एकाच दारातून आत?

नाही, आणि हा फरक मला गेमनंच स्वच्छ दाखवला. बाउझर टोळीत येतो तेव्हा त्याला काही मिळत नाही. खातं नाही, गाडी नाही, जुनी फाइल बंद होत नाही. तो चांगला झालाय असंही कुणी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. त्याला किल्ला परत पाहिजे, मारिओला राजकन्या आणि तारे पाहिजेत, आणि दोघांच्या मध्ये स्मिदी खरोखरचा उभा आहे. तडजोड कशासाठी आहे ते उघड्यावर मांडलेलं आहे. जिथं तडजोडीचं कारण सांगता येत नाही, किंवा रोज बदलून सांगावं लागतं, तिथं समजावं की स्मिदी वगैरे कुणी नाही, फक्त किल्ला आहे.

त्याच गेममध्ये ढगांवरचं एक राज्य आहे, निंबस लँड. तिथं व्हॅलेंटिना नावाच्या बाईनं खऱ्या राजा-राणीला कोंडून ठेवलंय आणि डोडो नावाच्या एका जाड्या पक्ष्याला "हाच तुमचा हरवलेला राजपुत्र" म्हणून पुढं केलंय. खरा राजपुत्र आपला मॅलो, जो स्वतःला बेडूक समजत होता. तो स्वतःच्याच राज्यात येतो, पण त्याला ओळखतं कोण? एक मूर्तिकार. त्यानं राजाच्या तरुणपणीचा पुतळा घडवलेला असतो, म्हणून मॅलोचा चेहरा बघून त्याला खूण पटते. मग तोच मूर्तिकार मारिओला सोन्याचा मुलामा देऊन पुतळा म्हणून राजवाड्यात घुसवतो. हा सगळा भाग इतका खुसखुशीत आहे, की पोटभर हसून झाल्यावर लक्षात येतं, अरे, आपण आत्ता सत्ता बळकावण्यावर हसत होतो. गेम शिकवायला येत नाही. पण ज्यानं हातानं काम केलंय त्याला खरं-खोटं आधी कळतं, एवढं मात्र सांगून जातो.

गाळाचं काम चालू असताना एका संध्याकाळी मी आणि अण्णा बांधावर उभे होतो. खाली पोकलेन चालू. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मिरवणूक तुमच्या दारात थांबवली, ते आम्ही चुकलो. मी पण नाचत होतो."

ते खालीच बघत होते. म्हणाले, "डीजेला किती दिले होते?"

"अठरा हजार."

"महाग पडला." आणि एक ट्रॅक्टर चिखलात रुतत होता, त्याला ओरडत खाली उतरले.

क्षमा मिळाली का, मला माहीत नाही. आजही ते गावभर सांगतात, की तलाव मी उकरला, ही पोरं माझ्या हाताखाली होती. सुरुवातीला दात-ओठ खायचो. आता ऐकून घेतो. त्यांच्या डोक्यात आम्ही त्यांच्या सैन्यात आहोत. असू द्या. पाणी दोघांच्या विहिरीत आहे.

गेमचा शेवटही तसाच. स्मिदी हरतो, ताऱ्यांचा रस्ता जुळतो, जीनो बाहुलं सोडून परत आभाळात जातो, बाउझरला किल्ला परत मिळतो. कुणी कुणाचा जिवाभावाचा मित्र झालेला नसतो. नंतरच्या गेममध्ये बाउझर परत पीचला पळवतो आणि मारिओ परत मागं धावतो. भाच्याला मी विचारलं, "मग उपयोग काय झाला?" तो म्हणाला, "मामा, पण त्या वेळी तर सोबत होते ना."

ग्रामपंचायतीची पुढची निवडणूक येईल. अण्णांचं पॅनल उभं राहणार, आमचं पण. मी परत पत्रकं लिहिणार, त्यांच्या वीस वर्षांचा हिशोब मांडणार, एक ओळ कमी करणार नाही. लढत व्हायलाच पाहिजे. पण आम्ही जिंकलो तर डीजे त्यांच्या दारावरून जाणार नाही, आणि हरलो तर त्यांच्या पहिल्या बैठकीला मी वेळेवर जाऊन बसेन. हे सगळ्यांसमोर लिहून ठेवतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि तुमच्या गावातला बाउझर कोण, ते कमेंटमध्ये नाव घेऊन लिहू नका, भांडणं लागतील. फक्त एवढं सांगा, की त्याच्या दारात तुमची मिरवणूक किती वेळ थांबली होती.